बोलणार नाही असं लिहून द्या

पंचनाम्यात चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं, ‘पितळी परात एक, त्यात मोड आलेले वाल अंदाजे दोन किलो.’ पहिल्या तीन क्रमांकांवर टेबल, दोन खुर्च्या आणि एक चटई. स्टेथोस्कोप सापडला नव्हता, इंजेक्शनची सुई सापडली नव्हती, गोळ्यांची एक पट्टीसुद्धा नाही. बोगस डॉक्टर पकडायला आलेल्या पथकाची त्यामुळे भलतीच पंचाईत झाली. जीपचं डिझेल जाळून आलोय तर कागद कोरा कसा न्यायचा, म्हणून त्यांनी वाल लिहून घेतले.

ही २००४ सालातली, आश्विनातली गोष्ट. महाडला चवदार तळ्यामागच्या एका आळीत शरद डॉक्टरांचा जुना दवाखाना होता आणि त्याच्या मागच्या खोलीत दीक्षा बसायची. दीक्षा पोलादपूरकडच्या बौद्धवाडीतली. मुंबईला जाऊन समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. झाली, मनोरुग्णांच्या वॉर्डात तीन वर्षं काम केलं आणि तिथली बरी चाललेली नोकरी सोडून परत आली. का आलीस, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, ‘वॉर्डात निम्मी माणसं आपल्याच बाजूची भेटायची. म्हटलं, ती तिकडं पोचेपर्यंत वाट कशाला बघायची?’

महिन्याच्या पहिल्या रविवारी पुण्याहून सरोज मॅडम यायच्या, भोरवरून वरंधा घाट उतरून. त्या मनोविकारतज्ज्ञ. तपासायचं आणि औषध लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. त्या परत गेल्या की उरलेले दिवस दीक्षाचे. पेशंटबरोबर बसायचं, बोलायचं, घरी जाऊन गोळ्या पोटात जातात की उकिरड्यावर ते बघायचं, सासूला समजवायचं, नवऱ्याला दम भरायचा. ह्या कामाला काय म्हणतात ते महाडात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. लोक तिला ‘मनाची बाई’ म्हणत.

आता वालांचं. इकडं बिरडं, म्हणजे वालाची उसळ, करायचं तर वाल भिजवून मोड आणायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. शेजारच्या खाणावळीच्या कमळाबाईला ते रोज लागायचं. दीक्षानं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं, की इकडच्या बाईला खुर्चीत समोर बसवून ‘हं, सांगा आता’ म्हटलं की ती तोंडाला कुलूप घालते. तीच बाई परातीशी बसली, नजर खाली, हात चालू, की पाच-दहा मिनिटांत बोलायला लागते. पुरुषही बसायचे. एस.टी. डेपोतला एक कंडक्टर तर तीन आठवडे नुसता सोलत आणि रडत बसला होता, चौथ्या आठवड्यात ड्युटीवर हजर झाला. सोललेलं बिरडं कमळाबाई घेऊन जायची आणि दुपारी बसलेल्या सगळ्यांना त्यातलंच वाढून पाठवायची. तक्रारीच्या निनावी पत्रात नेमकं ह्याच्यावरच बोट होतं. ‘सदर बाई डॉक्टर नसताना वेड्यांवर इलाज करते व त्यांच्याकडून वाल सोलून घेते.’

पथक आलं तेव्हा परातीशी राहीबाई बसलेली होती. वरंधजवळच्या वाडीतली, वय सव्वीस. पहिलं मूल दोन महिन्यांचं होऊन गेलं आणि तिचं बोलणं थांबलं. मग झोप गेली, आणि मग ती उठून ओढ्याकडं धावायला लागली. नवरा वसईला कंपनीत. घरात फक्त सासू, सोनाबाई.

सोनाबाई दुष्ट नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गोष्टीत सासू आली की लोक निकाल लावूनच मोकळे होतात. साठीची बाई, एकटीनं शेत करायची, दोन म्हशी सांभाळायची, आणि आपण रानात गेल्यावर सून ओढ्यात जाऊ नये म्हणून तिला दाव्यानं खांबाला बांधून जायची. भगत झाला, अंगारे झाले. शेवटी कुणीतरी तिला घाटापलीकडचं एक ठिकाण सांगितलं. तिथं अशा बायकांना साखळी घालून ठेवतात, वर्ष म्हणा दोन वर्षं म्हणा, आणि घरच्यांना बघायला जावं लागत नाही. चैत्रात ती राहीबाईला तिकडंच न्यायला निघाली होती. दीक्षानं तिला कसंबसं थांबवलं, तेही बोली करून. दावं सोडायचं, गोळ्या वेळेवर द्यायच्या, दर बुधवारी राहीला महाडला आणायचं. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही, तर सोनाबाईनं आपल्या मनाप्रमाणे करावं.

सोनाबाई बोलीला पक्की. दर बुधवारी सुनेला घेऊन यायची, दाराशी बसायची. दीक्षाच्या खोलीतलं पाणी मात्र ती प्यायची नाही, स्वतःची बाटली पिशवीत असायची. दीक्षाला ते दिसायचं, आणि तिला त्याचा रागही यायचा. पण ती खोली राहीबाईसाठी होती, म्हणून ती गिळायची.

फरक पडत होता. राहीबाई बोलत नव्हती, पण रात्री झोपायची, भाकरी खायची, म्हशीला पाणी दाखवायची. पण मधल्या काळात एक गोष्ट घडली होती, आणि तिचं खरं कारण फक्त दीक्षा आणि सरोज मॅडम ह्या दोघींना ठाऊक होतं.

श्रावणात वरंधा घाटात दरड आली. सरोज मॅडमना येता आलं नाही, आणि फोनच्या तारा तुटलेल्या. त्या आठवड्यात सोनाबाई एकटीच खाली आली, पायापासून डोक्यापर्यंत भिजलेली. ‘गो बाय, ती नुसती पडून हाय. तोंडातून लाळ गळते, हाक मारली तर डोळा उघडत नाय. मारशील तू तिला ह्या गोळ्यांनी.’ दीक्षानं पोस्टात जाऊन दोनदा फोन लावला, लागला नाही. महाडात दुसरे डॉक्टर होते, पण तिला वाटलं, आपण हे शंभर वेळा बघितलंय. ती म्हणाली, ‘अर्धी द्या.’

पाचव्या दिवशी राहीबाई पहाटेच पुराच्या ओढ्यात उतरली. छातीपर्यंत पाण्यात असताना शेजारच्या दोघांनी तिला धरलं. पुन्हा दोन दिवस दावं लागलं. सोनाबाईनं सगळा दोष अवसेला दिला. घाट सुरू झाल्यावर सरोज मॅडम आल्या तेव्हा दीक्षानं त्यांना खरं ते सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. ‘अर्धी की पुरी, हे ठरवायचं मला,’ त्या म्हणाल्या. ‘तू माझ्यापर्यंत पोचायचं होतंस, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांपर्यंत.’ तेव्हापासून बुधवारी राहीबाईच्या मनगटावरचा दाव्याचा वळ दिसला की ती नजर परातीकडं वळवायची.

तर पंचनामा झाला, आणि पंधरा दिवसांत नोंदणी प्रमाणपत्र हजर करा अशी नोटीस हातात आली. दीक्षा नियमाला घाबरणारी नव्हती. तिला नियम हवाच होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं ती अलिबागला गेली आणि एकामागून एक कचेऱ्या पालथ्या घातल्या. पहिल्या ठिकाणी कारकून म्हणाला, ‘आमच्याकडं डॉक्टरांचं असतं.’ दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, ‘नर्सचं आहे, औषधवाल्यांचं आहे. समाजकार्याचं कसलं रजिस्टर? समाजकार्य कुणीही करतं की!’

‘तेच म्हणतेय मी,’ दीक्षा म्हणाली. ‘कुणीही करू नये म्हणून रजिस्टर काढा. माझं नाव पहिलं घाला.’

तो हसला. तिसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, की दिल्लीत कसलीशी परिषद आहे म्हणतात, पण त्यात तुमचा प्रकार बसतो की नाही हे सांगता येणार नाही. दीक्षानं तिन्ही ठिकाणी अर्ज दिला आणि तिन्ही पोचपावत्यांवर शिक्के मारून घेतले. परतीच्या गाडीत तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. ज्या वहीत नाव नाही म्हणून आपल्याला धरलंय, ती वहीच कुणी उघडलेली नाही.

शरद डॉक्टर भला माणूस, पण सरकारी लिफाफा बघितला की त्यांना घाम फुटायचा. पथक पाठवणाऱ्या समितीनं एक हमीपत्र पाठवलं होतं, ते त्यांनी तिच्यापुढं ठेवलं. ‘मनोविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष हजर नसताना मी कोणाही मनोरुग्णाशी उपचाराच्या हेतूने संभाषण करणार नाही.’

‘सही कर आणि मोकळी हो,’ डॉक्टर म्हणाले. ‘कोण बघायला येतंय? सरोज मॅडमनी पत्र दिलंय की तू त्यांच्या देखरेखीखाली आहेस.’

‘ते पत्र त्यांना चालत नाही. देखरेख म्हणजे मॅडम खोलीत पाहिजेत, म्हणजे मी महिन्यातून एक रविवार तोंड उघडायचं. आणि डॉक्टर, हेतूशिवाय बोललं तर चालेल का? राहीला नुसतं हवापाण्याचं विचारलं तर?’

‘थट्टा नको. गुन्हा दाखल होईल.’

तेव्हा तिनं त्यांना श्रावणातलं सांगितलं. डॉक्टरांनी चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले. ‘हे मी ऐकलेलं नाही. आणि तू कुठं बोलायचं नाहीस. एक शब्दही नाही!’

बातमी तिच्याआधी घाटाला लागली होती. दिवाळी झाली आणि लागोपाठ दोन बुधवारी राहीबाई आली नाही, म्हणून दीक्षा वर गेली. सोनाबाई खळ्यात भात वाळवत होती. राहीबाई पडवीत बसलेली, रिकाम्या हातांनी.

‘गाडीत लोक बोलत होते,’ सोनाबाई वर न बघता म्हणाली. ‘सरकारनं तुला खोटी ठरवली. दिवाळी पन झाली. पोरगा आयतवारी येतोय, सोमवारची गाडी सांगितली हाय, हिला घाटापलीकडं न्यायला.’

‘मावशी, ती सुधारतेय. तुम्ही बघताय.’

‘मी काय बघते त्याला कोन इचारतो? मला बी ते साहेब बोलावतायत शुक्रवारी, जबाब द्यायला. खोट्या बायच्या नादी लागून सुनेचं वाटोळं केलं, असं लोकांनी बोलावं का मला? साठ वर्सं कुनी बोट नाय दाखवलं.’

दीक्षा राहीबाईजवळ बसली. राहीबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. दीक्षाला रडू यायच्या बेतात होतं, आणि रडू यायला लागलं की तिला हमखास राग यायचा. त्या रागातच ती घाट उतरली.

शुक्रवारी कोर्टामागच्या सरकारी इमारतीत समिती बसली. अध्यक्ष डॉ. देवव्रत वैशंपायन. हा माणूस काही खलनायक नव्हे. सर्दीला सलाईन लावणारे आणि कावीळ हातानं उतरवणारे अकरा भोंदू त्यानं दोन वर्षांत घरी बसवले होते, त्यासाठी धमक्याही पचवल्या होत्या. दीक्षाला त्याच्याबद्दल आदर होता, म्हणून तर तिला त्याची अधिकच चीड आली होती. एका बाजूला शरद डॉक्टर रुमालानं मान पुसत बसले होते, दाराशी सोनाबाई राहीबाईचा हात धरून उभी होती. सुनेला घरी एकटी ठेवायची सोय नव्हती.

‘तुम्ही औषध देता?’ वैशंपायन साहेबांनी विचारलं.

‘नाही. मॅडम लिहून देतात.’

‘मग तुम्ही नेमकं काय करता?’

‘ऐकते. बोलते. घरी जाते. बाईला बांधलं असेल तर सोडवते.’

‘ह्याला शास्त्रात उपचार म्हणतात.’

‘म्हणत असतील तर ते शिकूनच मी आलेय. माझी पदवी तुमच्या फायलीत आहे. रजिस्टर दाखवा, आत्ता नाव घालते.’ तिनं तिन्ही पोचपावत्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी त्या वाचल्या.

‘रजिस्टर नाही हे मान्य,’ ते म्हणाले. ‘पण म्हणूनच मी तुम्हाला मोकळं सोडू शकत नाही. उद्या तुमच्या सांगण्यावरून एखाद्या पेशंटचं बरंवाईट झालं, तर जबाबदार कोण? कुणाला धरायचं? हमीपत्रावर सही करा, प्रकरण इथंच मिटवतो.’

प्रश्न खरा होता. इतक्या दिवसांत कुणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न, आणि त्याला एक सोयीचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. शरद डॉक्टरांनी डोळ्यांनी खुणावलं. दीक्षानं दाराकडं पाहिलं. सोनाबाई कान देऊन ऐकत होती. आता खरं बोललं तर सोमवारची गाडी रविवारीच निघेल, हे दीक्षाला स्पष्ट दिसत होतं. पण मी तुमच्या भगतापेक्षा वेगळी आहे, असं चैत्रात ह्याच बाईला सांगून तिनं राहीबाईला आणलं होतं. मग वेगळी म्हणजे कशी?

‘झालंय,’ ती म्हणाली.

‘काय झालंय?’

‘बरंवाईट. माझ्या सांगण्यावरून. ही राहीबाई. श्रावणात घाट बंद होता, तिची गोळी मी अर्धी करायला सांगितली. तो अधिकार माझा नव्हता. महाडात दुसरे डॉक्टर होते, मी त्यांच्याकडं गेले नाही, कारण मला वाटलं मला कळतं. पाचव्या दिवशी ही पुराच्या पाण्यात उतरली. माणसं नसती तर आज ही इथं नसती. जबाबदार मी. लिहा.’

कारकुनाचं पेन थांबलं. ‘साहेब, नमुन्यात ह्याला रकाना नाही.’

‘रकाना नाही!’ आता दीक्षाचा आवाज चढला. ‘परातीतल्या वालाला रकाना आहे, आणि ह्याला नाही. तुमची वही असती ना साहेब, तर तिच्यात माझं नाव असतं आणि त्या नावापुढं श्रावणातच लाल शेरा पडला असता. तो मी मान खाली घालून घेतला असता. आजही घेते, हवी ती शिक्षा करा. पण राहीशी बोलले, तिचं ऐकलं, तिचं दावं सोडवलं, ह्याबद्दल मी माफी मागणार नाही. आणि बोलणार नाही असं तर मरेपर्यंत लिहून देणार नाही.’

शरद डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. वैशंपायन साहेबांनी हमीपत्र फायलीत ठेवलं आणि दुसरा कागद ओढला.

‘तुम्ही मला काही पर्याय ठेवला नाहीत. खोली आजपासून बंद. गुन्ह्याचं वरच्यांना कळवतो.’

‘कळवा.’

‘नातेवाईक,’ साहेब म्हणाले. ‘पुढं या, आजी. जबाब द्यायचाय.’

सोनाबाई पुढं आली, पण साहेबांकडं नाही, दीक्षाकडं. तिचा चेहरा रागानं काळवंडला होता. ‘अर्धी दे, म्हनालीस तू. मला वाटलं डॉक्टरनं सांगितलं असंल.’

‘नाही मावशी. मीच.’

‘आनि मी अवसेला शिव्या देत बसले! तीन महिने! दर बुधवारी तुझ्या दारात बसले, तेव्हा तोंड शिवलं होतं काय तुझं?’

‘भीती वाटली. राहीला आणायचं बंद कराल म्हणून.’

‘करनारच होते!’ सोनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग साहेबांकडं वळली. ‘लिवा माझं. अकरा वर्सं भगताकडं जाते मी. म्हैस मेली तेव्हा गेले, मालक गेले तेव्हा गेले, हिचं पोर गेलं तेव्हा गेले. त्यो कदी चुकला म्हनून बोलला नाय. दर वक्ताला माझंच कायतरी चुकलेलं असायचं. ही बाय चुकली. आनि कुनी धरली नसताना सोताहून बोलली, माझ्या देखत.’

‘आजी, पण त्यांची खोली मी आत्ताच बंद केलीय,’ साहेब म्हणाले. ‘त्यांना पेशंटशी बोलायला मनाई आहे.’

‘खोली तुमची, कुलूप घाला. पडवी माझी हाय.’ तिनं राहीबाईचा हात पुन्हा घट्ट धरला. ‘सोमवारची गाडी नको म्हनून सांगते मी पोराला. गो बाय, बुधवारी तू वर ये.’

‘येते, मावशी. पहिल्या गाडीनं.’

‘आनि गोळी?’ सोनाबाईनं डोळे बारीक केले. सगळ्या खोलीदेखत ती तिला पारखत होती. ‘आता सांग. अर्धी का पुरी?’

‘ते मी नाही सांगणार,’ दीक्षा म्हणाली. ‘ते मॅडमना विचारायचं, त्या सांगतील तेवढीच द्यायची. मी फक्त बोलायला येणार.’

आणि हे सांगताना ती सोनाबाईकडं नाही, वैशंपायन साहेबांकडं बघत होती. त्यांच्या हातात शिक्का होता आणि समोर मनाईचा आदेश होता. त्यांनी शिक्का मारला, कागद तिच्यापुढं सरकवला आणि तिनं तो शांतपणे घडी घालून पर्समध्ये ठेवला.